शेजारच्या घरचा उपवास

(उपवासकाळातील चिंतन)



राखेच्या बुधवारी ख्रिस्तसभा आपल्यापुढे संत मत्तयच्या शुभवर्तमानातील सहावा अध्याय ठेवते. दानधर्म, प्रार्थना आणि उपवास या तीन गोष्टी लोकांनी पाहाव्यात म्हणून करू नका. गुप्तपणे पाहणाऱ्या पित्यासाठी करा, असे प्रभू येशू तिथे सांगतो. दरवर्षी मी या वचनावर प्रवचन करतो. पण खरे सांगायचे तर, त्याचा अर्थ मला २०२५ साली एका मुसलमान घराच्या ओसरीवर बसून अधिक चांगला समजला. तो प्रसंग आज तुम्हाला सांगावासा वाटतो.

त्या वर्षी आपला उपवासकाळ आणि त्यांचा रमजान एकदमच आला होता. २ मार्चला रोजे सुरू झाले आणि ५ मार्चला आपण कपाळाला राख लावून घेतली. दरवर्षी असे होत नाही. त्यांचे वर्ष चंद्रावर चालते आणि ते सुमारे ३५४ दिवसांचे असते. पंचांगातल्यासारखा अधिक महिना त्यात धरत नाहीत. म्हणून रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवस मागे सरकतो आणि साधारण तेहेतीस वर्षांत सगळे ऋतू फिरून येतो. कधी तो थंडीत येतो, कधी भर मे महिन्यात. आपल्या श्रीगोंद्याच्या उन्हात पाण्याचा थेंबही न घेता दिवस काढणे म्हणजे काय, हे उसाच्या फडात आणि लिंबाच्या बागेत राबणाऱ्यांना वेगळे सांगायला नको.

ज्या घराबद्दल मी बोलतो आहे, तिथल्या चाचांची माझी ओळख जुनी. त्यांनी दोन-तीनदा बोलावले होते, पण माझे जाणे होत नव्हते. त्याच सुमारास आपल्यापैकी एकाने मला विचारले, “फादर, त्यांच्या इफ्तारला गेलेले चालते का? आपला धर्म बाटत नाही ना?” मी म्हटले, “प्रभू येशू जकातदारांच्या घरी जेवला, शोमरोनी बाईकडे त्याने पाणी मागितले. तो बाटला का?” उत्तर तर मी झटकन दिले. मग मनात आले, दुसऱ्याला शिकवणारा मी स्वतः कुठे गेलो आहे? त्याच आठवड्यात मी चाचांकडे गेलो.

ओसरीवरची संध्याकाळ

सूर्य मावळायला वेळ होता. घरातल्या बायका पहाटेपासून उठलेल्या. साडेपाचच्या आत सहरी उरकायची, म्हणजे चुलीपाशी त्यांना चारलाच यावे लागते. नंतर दिवसभर घरकाम, मुलांच्या शाळा, आणि संध्याकाळी पुन्हा स्वयंपाक, तोही चव न घेता. मिठाचा अंदाज केवळ हाताने! थोरली नात दहावीला होती. परीक्षा चालू असतानाही तिने रोजा धरला होता. नऊ वर्षांच्या नातवाचा त्या दिवशी आयुष्यातला पहिला रोजा होता. त्याला नवा सदरा घातला होता, गळ्यात हार होता, आणि त्याचे डोळे मात्र खजुराच्या ताटलीवरून हलत नव्हते.

चाचा स्वतः गप्प होते. मी विचारले तेव्हा म्हणाले, “फादर, साखर फार वाढली. डॉक्टरांनी या वर्षी रोजे बंद केलेत. सगळं घर उपाशी आणि मी एकटा जेवतो. घास उतरत नाही.” मी म्हटले, “तुमच्या धर्मात आजाऱ्याला सूट आहे ना?” ते म्हणाले, “आहे. त्याच्या बदल्यात गरिबाला जेवण द्यायचं. ते मी देतो. पण सूट मिळाली म्हणून मनाला बरं थोडंच वाटतं?”

बंधू-भगिनींनो, हे ऐकून मी खाली पाहिले. आपल्या ख्रिस्तसभेने उपवासाचे बंधनकारक दिवस दोनच ठेवले आहेत : राखेचा बुधवार आणि उत्तम शुक्रवार. तेही अठरा वर्षे पूर्ण झालेल्यांपासून साठीत पाऊल टाकेपर्यंतच्या माणसांना. त्या दिवशीही एक पोटभर जेवण घेता येते. एवढ्यातूनही सूट कशी मिळेल, हे विचारायला आपल्यातले कितीजण येतात! आणि इथे एक माणूस सूट मिळाली म्हणून दुःखी होता.

पावणेसातच्या सुमारास, अजान व्हायच्या थोडे आधी, घरातून एक झाकलेले ताट बाहेर आले. चाचांनी नातवाला हाक मारली. त्या पोराने, दिवसभर पाण्याचा थेंबही न घेतलेल्या त्या पोराने, ते ताट दोन्ही हातांनी धरले आणि तो रस्ता ओलांडून गेला. मी विचारले, “कुणाकडे?” सून म्हणाली, “समोरच्या आजीकडे. त्यांना दिसत नाही नीट. रमजानमध्ये रोज जातं त्यांना. शेजाऱ्याचा हक्क असतो ना फादर, आपण खायच्या आधी.”

समोरची आजी कोण, हे मला तेव्हा आठवले. ती आपल्याच धर्मग्रामातली. मिस्साला येत नाही म्हणून आपण तिला जवळजवळ विसरलो होतो. त्या वर्षी मी तिच्या दाराशी एकदाही गेलो नव्हतो. ख्रिस्तप्रसाद घरी नेऊन द्यायच्या आजाऱ्यांच्या यादीत तिचे नाव नव्हते. ते नाव लिहायचे काम माझे होते.

अजान झाली. पोरगा धावत आला, त्याने खजूर तोंडात घातला आणि सगळे हसले. मीही खजूर घेतला. तो गोड होता, पण मला गिळायला जड गेला.

तीन धडे

त्या संध्याकाळी मी तीन धडे शिकलो.

पहिला धडा : उपवासातून वाचलेला घास कुणाच्या तरी ताटात गेला पाहिजे. यशया संदेष्ट्याच्या अठ्ठावन्नाव्या अध्यायात देवाला आवडणारा उपवास कोणता ते सांगितले आहे : भुकेल्याला आपल्या भाकरीत वाटा देणे आणि निराश्रिताला घरात घेणे. मुसलमान बांधव ईदच्या नमाजाआधी घरातल्या प्रत्येक माणसामागे धान्य किंवा तेवढे पैसे गरिबांसाठी काढतात, तान्ह्या बाळाच्या नावानेसुद्धा. हेतू हा की, सणाच्या दिवशी कुणाची चूल बंद राहू नये. शिवाय ऐपतदाराने वर्षभर साठलेल्या संपत्तीतून शेकडा अडीच रुपये जकात द्यायची. बकरी ईदला, आपल्या सर्वांच्या पित्याने, अब्राहामाने, केलेल्या अर्पणाचे स्मरण करतात. तेव्हा कुर्बानीच्या मटणाचे तीन वाटे करण्याची रीत आहे : एक घराला, एक नातलगांना, एक गरिबांना. आपण शुक्रवारी मटण सोडतो आणि त्याचे पैसे खिशातच राहतात. मग त्या उपवासाचा कुणाला काय उपयोग?

दुसरा धडा : जिभेचाही उपवास असतो. रोजा धरून खोटे बोलणारा, चहाड्या करणारा नुसता उपाशी राहतो, असे त्यांचे वडीलधारे मुलांना सांगतात. कुराणातील एकोणिसाव्या अध्यायाला पवित्र मरियेचे नाव आहे, हे आपल्यातल्या अनेकांना माहीत नसेल. त्यात मरिया खजुराच्या झाडाखाली प्रसूत होते, आणि आपण देवासाठी उपवास धरला असल्याने आज कुणाशी बोलणार नाही, असे तिने सांगावे, अशी तिला आज्ञा होते. आपल्या मतमाउलीचा मौनाचा उपवास त्यांच्या ग्रंथात आहे! आणि आपण काय करतो? मोबाईलवर त्यांच्याविषयी काही वाईट मजकूर आला की खरे-खोटे न पाहता पुढे ढकलतो. बोटाने ढकलले म्हणून ते जिभेचे पाप होत नाही, असे समजू नका.

तिसरा धडा : उपवास घराने मिळून करायचा असतो. त्या घरात सहरीला सगळे एकत्र उठतात, इफ्तारला सगळे एका दस्तरखानावर बसतात. लहान मुलाला उपवासाची भीती वाटत नाही, कौतुक वाटते. आपल्या घरात क्रूसाची वाट आणि रोझरी किती जण मिळून करतात? मुले मोठी झाली की चर्चला येत नाहीत, अशी तक्रार घेऊन पालक येतात. घरात त्यांनी काय पाहिले, हा प्रश्न आधी विचारावा.

ख्रिस्तसभा काय सांगते?

कुणाला वाटेल, फादर आज दुसऱ्याच धर्माची स्तुती का करीत आहेत? ही माझ्या मनाची गोष्ट नाही. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने २८ ऑक्टोबर १९६५ रोजी जो जाहीरनामा काढला, त्यात मुसलमानांविषयी आदर व्यक्त केला आहे. ते एकाच देवाची उपासना करतात, मरियेचा मान राखतात, आणि प्रार्थना, दान व उपवास यांना मोल देतात, असे त्यात म्हटले आहे. १९६७ पासून व्हॅटिकन रमजानच्या निमित्ताने त्यांना शुभेच्छा पाठवत आले आहे. सप्टेंबर २००१ मध्ये अमेरिकेत भीषण हल्ले झाले आणि जगभर द्वेष उसळला. तेव्हा पोप जॉन पॉल दुसरे यांनी १४ डिसेंबर २००१ या शुक्रवारी साऱ्या कॅथलिकांना शांततेसाठी उपवास करायला सांगितले. रमजान तेव्हा संपत आला होता. म्हणजे त्या दिवशी दोन्ही धर्मांची माणसे एकदम उपाशी राहिली.

आपल्यात फरक नाही, असे मी म्हणत नाही. ते येशूला संदेष्टा मानतात. आपण त्याला देवाचा पुत्र आणि तारणारा मानतो. आपल्यासाठी तो क्रूसावर मेला आणि पुन्हा उठला, ही आपली श्रद्धा आहे आणि ती लपवायची नाही. पण त्याचे शिष्य असण्याची खूण त्याने स्वतः सांगितली आहे : प्रेम. ज्याच्या घरी आपण पाय ठेवत नाही, त्याला ही खूण दिसणार कशी?

आणि श्रीगोंद्यात तरी हे जड जाऊ नये. मुसलमान घरात जन्मलेले संत शेख महंमद याच गावचे. सतराव्या शतकात त्यांनी ‘योगसंग्राम’ हा ग्रंथ मराठीत लिहिला. त्याच्या थोडे आधी, १६१६ साली, परदेशातून आलेल्या फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘ख्रिस्तपुराण’ गोव्यात छापले गेले. एका मुसलमानाने आणि एका ख्रिस्ती धर्मगुरूने देवाचे नाव घ्यायला आपलीच मराठी निवडली. अशा भूमीत राहून आपण एकमेकांना परके का म्हणावे?

आजीचे पुढे काय झाले?

दुसऱ्याच दिवशी मी ख्रिस्तप्रसाद घेऊन आजीकडे गेलो. रागावली नाही. म्हणाली, “आलात का फादर? मला वाटलं, मी मेले असंच समजलात.” आपल्या महिला मंडळाच्या बायका नंतर पाळीपाळीने जाऊ लागल्या. ३१ मार्चला ईद झाली. शीरखुर्म्याची वाटी घेऊन तो पोरगा आला, तेव्हा आजीने उशाखालून दहाची नोट काढून त्याला ईदी दिली. निराधार बाईची ती नोट! मंदिराच्या दानपेटीत दोन दमड्या टाकणारी विधवा मला आठवली. २० एप्रिलला पुनरुत्थानाच्या सणाला त्याच घरच्या रिक्षातून आजी मिस्साला आली.

म्हणून या उपवासकाळात माझे मागणे थोडेच आहे. शुक्रवारी जे सोडाल त्याचे पैसे वेगळ्या डब्यात ठेवा. आपल्या गल्लीत एकटे राहणारे कोण आहे ते पाहा आणि स्वतः जेवायच्या आधी एक ताट तिकडे पाठवा. कुणाची निंदा करणारा मजकूर पुढे पाठवू नका. आणि कुणी मुसलमान शेजारी इफ्तारला किंवा ईदला बोलावील, तर जा. जाताना रिकाम्या हाताने जाऊ नका, आणि नाताळला त्यांना बोलवायला विसरू नका.

प्रार्थना करू या : हे पित्या, तू गुप्तपणे पाहतोस. आमच्या दारासमोरचे जे आम्हाला दिसत नाही, ते आम्हाला दाखव. आमचा उपवास कुणाची तरी भूक भागवो. आमच्या गावात शांती नांदो. हे आम्ही आमच्या प्रभू येशू ख्रिस्ताद्वारे मागतो. आमेन.

तुमचा धर्मगुरू