सूर कोणाचा?

गाण्याने मन शांत होते, असे आपण सर्रास म्हणतो. दिवाळीच्या पहाटे अभ्यंगाचे पाणी तापत असताना रेडिओवर सनई लागली की घरातला चिडका माणूससुद्धा घटकाभर मवाळ होतो. म्हणूनच कोणाचे मन आजारी पडले की शेजारीपाजारी पहिला सल्ला देतात तो हाच : "जरा गाणीबिणी ऐकवा." सल्ला प्रेमाचा असतो. परंतु ज्याला ऐकवायचे त्याचे मन या घडीला कोणत्या टोकाला आहे, हे सहसा कोणी विचारीत नाही.

'टोक' म्हणण्याला कारण आहे. काही मनांना भरती-ओहोटी असते. भरती आली की झोप नको, बोलणे थांबत नाही, पैसा पाण्यासारखा जातो. ओहोटी लागली की अंथरुणातून उठणेही गड चढण्यासारखे वाटते. एमिल क्रेपेलिन या जर्मन वैद्याने १८९९ साली ही दोन्ही टोके एकाच व्याधीची म्हणून एकत्र आणली. आज तिला द्विध्रुवी विकार किंवा सरळ 'बायपोलर' म्हणतात.

जर्मन संगीतकार रॉबर्ट शूमान याला हाच विकार होता की उपदंश मेंदूपर्यंत पोचला होता, याविषयी वैद्यांत आजही वाद आहे. पण त्याच्या कामाची सालवारी पाहिली की भरती-ओहोटी डोळ्यांनी दिसते. सासऱ्याशी कोर्टात झगडून १८४० साली त्याने क्लाराशी लग्न केले, आणि त्या एका वर्षात सुमारे १४० गीते रचली. १८४४ साली जवळजवळ काहीच नाही. इतकेच नव्हे, तर त्या आजारात काही काळ त्याला संगीत ऐकवतच नसे. नसांवर सुरी फिरल्यासारखे होई. सुरांवर जगणाऱ्या माणसाची ही गत! त्याला त्या दिवसांत कोणी "जरा गाणे ऐका" म्हटले असते तर?

शाळेत करुणरस शिकवताना एखादे पोर हमखास विचारते, रडूच येणार असेल तर नाटक पाहायचे कशाला? त्याचे उत्तर आपल्या रसशास्त्रात आहे. रंगभूमीवरचे दुःख ना माझे, ना त्या नटाचे. ते सर्वांचे होते, म्हणून ते चाखता येते. अभिनवगुप्ताने रसाच्या आड येणारी सात विघ्ने सांगितली, त्यांत एक आहे स्वतःच्याच सुखदुःखाने विवश होणे. गंमत अशी की या विघ्नावर त्याने उपाय सांगितला तो गाण्या-बजावण्याचाच! साध्या विवशतेला तो लागू पडतो. पण या विकारात विवशता इतकी दाट होते की गाणे तिला दूर सारू शकत नाही, उलट तीच गाण्याला गिळते. सुराचे अंतर उरत नाही. भरतीच्या माणसाला प्रत्येक तान आपल्यालाच काही सांगते आहे असे वाटते. ओहोटीच्या माणसाला तीच तान पलीकडच्या वाड्यातल्या लग्नासारखी ऐकू येते.

फेब्रुवारी १८५४. ड्युसेलडॉर्फला शूमानच्या कानात आधी एकच सूर अखंड वाजू लागला, मग अख्खा वाद्यवृंद. एका रात्री तो उठला आणि देवदूतांनी सांगितलेली एक धून त्याने उतरून काढली. सकाळपर्यंत देवदूतांचे सैतान झाले होते. त्या धुनीवर तो विस्तार रचीतच होता. २७ तारखेला त्याने ऱ्हाइन नदीत उडी घेतली. लोकांनी बाहेर काढले. पुढली अडीच वर्षे, मृत्यूपर्यंत, बॉनजवळच्या एंडेनिखच्या मनोरुग्णालयात गेली. आणि ती धून? काही महिन्यांपूर्वी त्यानेच लिहिलेल्या व्हायोलिन कॉन्चेर्टोच्या संथ भागाशी ती मिळतीजुळती आहे. देवदूतांनी त्याचेच त्याला परत दिले होते.

त्या रात्रीचा आनंद खोटा होता काय? मला तसे म्हणवत नाही. देवदूत आजाराचे होते, धून त्याची होती. आणि म्हणूनच घरच्यांपुढचा प्रश्न अवघड होतो. १९४९ साली जॉन केड या ऑस्ट्रेलियन डॉक्टरने लिथियमचा गुण दाखवला. तेव्हापासून भरती-ओहोटीला बांध घालता येऊ लागला. तरी भरतीच्या ओढीने गोळ्या सोडणारे असतात. त्यांना मूर्ख म्हणणे सोपे आहे. ते काय गमावतात ते आपल्याला ऐकू येत नाही. पण जागरण हेच भरतीचे इंधन, हेही तितकेच खरे. मध्यरात्री तिसऱ्यांदा तीच ध्वनिमुद्रिका लागते तेव्हा ती बंद करण्याचा अधिकार बायकोला आहे की नाही?

मला वाटते, तो अधिकार त्याच्याकडूनच मागून घ्यावा. मन समेवर असते असेही दिवस येतात. त्या दिवसांत त्यालाच विचारावे, कोणते गाणे सोसते, कोणते नाही, रात्री किती वाजता थांबवायचे. पुढे तो रागावला तरी तो त्याचाच शब्द असतो. ओहोटीत मात्र उडती गाणी लावू नयेत. नुसते शेजारी बसावे.

क्लाराला असे विचारायची सोय राहिली नाही. कोणते सूर नवऱ्याचे आणि कोणते आजाराचे, हे तिला एकटीने ठरवावे लागले. योआखिम आणि ब्राम्स यांच्या सल्ल्याने तो व्हायोलिन कॉन्चेर्टो तिने प्रसिद्ध होऊ दिला नाही. तो पहिल्यांदा वाजला १९३७ साली, बर्लिनमध्ये. चेलोसाठी रचलेल्या त्याच्या पाच रचना तिने १८९३ साली नष्टच केल्या. देवदूतांच्या धुनीवरचा विस्तारही तिने छापू दिला नाही, तो १९३९ साली छापला गेला. पण ती पाने तिने जाळली नाहीत. त्याच धुनीवर ब्राम्सने १८६१ साली एका पियानोवर दोघांनी बसून वाजवायची रचना केली, आणि ती शूमानच्या मुलीला, यूलीला, अर्पण केली.