बैरूतचे वतन

सिरियन प्रॉटेस्टंट कॉलेज, म्हणजे आजची अमेरिकन युनिव्हर्सिटी ऑफ बैरूत, ही संस्था १८६६पासून १९४८पर्यंत, मधली मोजकी वर्षे वगळता, एकाच घरात राहिली : डॅनियल ब्लिस छत्तीस वर्षे तिचे अध्यक्ष होते, १९०२मध्ये त्यांचे पुत्र हॉवर्ड त्या जागी आले, आणि १९२३पासून हॉवर्ड यांचे जावई बेयर्ड डॉज. मिशनरी कॉलेजाच्या इतिहासापेक्षा हा वृत्तान्त जुन्या मराठी मुलखातील वतनाच्या कागदांशी अधिक जुळतो. वतनदाराला पिढीजात हक्क आणि मान असे, तशीच दुष्काळात वा परचक्रात गाव धरून राहण्याची जबाबदारीही असे. आणि वतन सहसा कोणी आपण होऊन सोडत नसे. ब्लिस-डॉज घराण्याचे मोठेपण आणि त्याची मर्यादा, दोन्ही या चौकटीत नीट दिसतात.

या कथेचा एक धागा महाराष्ट्रातून जातो. डॅनियल ब्लिस यांना १८५५मध्ये सिरियाला पाठवणारे अमेरिकन बोर्ड, म्हणजे परदेशात धर्मप्रसारक पाठवणारी बॉस्टनची मध्यवर्ती संस्था, हेच १८१३मध्ये मुंबईत आलेल्या आणि पुढे अहमदनगरला रुजलेल्या मराठी मिशनचेही चालक होते. त्या बोर्डाचे चिटणीस रूफस अँडरसन १८५४-५५मध्ये हिंदुस्थानात येऊन आपल्या ठाण्यांची पाहणी करून गेले. मिशनऱ्याने देशी भाषेत उपदेश करावा, स्वावलंबी देशी चर्च उभे करावे आणि पुढच्या मुलखात जावे; इंग्रजी उच्च शिक्षणाने प्रचारक नव्हे, कारकून तयार होतात, असे त्यांचे मत होते. हे मत जोरात असताना सिरियातील मिशनऱ्यांना कॉलेज हवे होते, म्हणून ते बोर्डाच्या बाहेर, स्वतंत्र विश्वस्तांच्या हाती आणि न्यूयॉर्क राज्याच्या सनदेवर काढावे लागले. चर्चपासून हाताच्या अंतरावर उभ्या असलेल्या या संस्थेत डॅनियल यांनी १८७१मध्ये मुख्य इमारतीच्या पायाभरणीच्या वेळी जाहीर केले, की कोणत्याही वर्णाचा वा धर्माचा विद्यार्थी येथे येऊ शकेल आणि एक देव मानून, अनेक देव मानून किंवा एकही देव न मानता बाहेर पडू शकेल. मात्र आम्ही काय मानतो आणि का मानतो, हे कळल्यावाचून त्याला येथे फार काळ राहता येणार नाही. हे औदार्य खरे होते, पण ते यजमानाचे औदार्य होते.

घराचा कारभार अर्थात ॲबी ब्लिस यांच्याकडे होता. ॲमहर्स्टमध्ये वाढलेल्या आणि लहानपणी एमिली डिकिन्सन या कवयित्रीच्या मैत्रिणींपैकी असलेल्या या बाई लग्नानंतर काही आठवड्यांतच जहाजावर चढल्या. पुढे १८६०मध्ये लेबनॉनच्या डोंगरात भीषण कत्तली झाल्या. त्याच वर्षी, त्याच डोंगरातील सूक अल-गर्ब या गावात हॉवर्ड यांचा जन्म झाला. अशा घरांतील मुलांचा मार्ग बहुधा ठरलेला असे : बालपण अरबी बोलणाऱ्या शेजारात, कॉलेजचे शिक्षण अमेरिकेत, आणि मग परत येणे किंवा न येणे. हॉवर्ड अमेरिकेत पाळक, म्हणजे चर्चचे धर्मोपदेशक, होऊन चाळिशीनंतर परतले. त्यांचे थोरले भाऊ फ्रेडरिक पॅलेस्टाइनमध्ये उत्खनने करणारे पुरातत्त्वज्ञ झाले. बहीण मेरी हिचे लग्न एका मिशनऱ्याशी झाले आणि वैधव्यानंतर तिने कॉलेजच्या रुग्णालयात काम केले. एका कुटुंबाची ही हजेरी पाहिली, की कॉलेज हेच त्या घराचे गाव झाले होते हे पटते. अशा गावाची किल्ली बाहेरच्याच्या हाती देणे जड जाते.

ते किती जड होते, हे १८८२मध्ये दिसले. रसायन आणि भूगर्भशास्त्राचे प्राध्यापक एडविन लुईस यांनी त्या वर्षीच्या पदवीदान समारंभातील अरबी भाषणात डार्विनची, शास्त्रज्ञाच्या चिकाटीचा नमुना म्हणून, वाखाणणी केली. न्यूयॉर्कच्या विश्वस्तांना ती सहन झाली नाही, लुईस यांना जावे लागले, वैद्यकीच्या विद्यार्थ्यांनी वर्गांवर बहिष्कार टाकला, आणि बायबलचे अरबी भाषांतर पूर्ण करणारे कॉर्नेलियस व्हॅन डाइक यांच्यासारखे ज्येष्ठ अध्यापकही संस्था सोडून गेले. पुढे अध्यापकांकडून धर्मश्रद्धेच्या प्रतिज्ञापत्रावर सह्या घेतल्या गेल्या. याकूब सर्रूफ आणि फारिस निम्र हे याच कॉलेजात शिकून तिथेच कनिष्ठ अध्यापक झालेले, १८७६पासून ‘अल-मुक्ततफ’ हे विज्ञानाचे अरबी मासिक चालवणारे दोन तरुण. त्यांना प्राध्यापकपद मिळाले नाही, उलट १८८४मध्ये नोकरी गेली आणि ते मासिकासह कैरोला गेले. बहिष्कारातील एक विद्यार्थी, जुर्जी झैदान, यानेही कैरो गाठून १८९२मध्ये ‘अल-हिलाल’ सुरू केले. अरबी प्रबोधनाला कॉलेजाने दिलेली ही सर्वांत मोठी देणगी म्हणावी लागेल, आणि ती कॉलेजाने हाकलून दिली होती!

सक्तीच्या प्रार्थनेचा प्रश्नही असाच सुटला. १९०८च्या ऑटोमन राज्यक्रांतीने हवा बदलल्यावर १९०९मध्ये मुस्लिम आणि ज्यू विद्यार्थ्यांनी चॅपलला, म्हणजे कॉलेजच्या प्रार्थनामंदिराला, जाण्याचे नाकारले. हॉवर्ड स्वभावाने उदार, तरी सक्ती लगेच उठली नाही, आणि अखेर महायुद्धाच्या काळात ऑटोमन सरकारच्या दडपणाने ती सोडावी लागली. स्वातंत्र्य दर वेळी विद्यार्थ्यांच्या हट्टाने किंवा बाहेरच्या जोराने आले.

वतनाची दुसरी बाजू त्याच युद्धाने दाखवली. १९१५पासून डोंगरी लेबनॉनमध्ये भयंकर दुष्काळ पडला, अमेरिका आणि ऑटोमन साम्राज्य यांचे राजनैतिक संबंध १९१७मध्ये तुटले, तरी कॉलेज बंद झाले नाही; नुकतेच लग्न झालेले बेयर्ड डॉज आणि त्यांच्या पत्नी, हॉवर्ड यांच्या कन्या मेरी, अबैह गावात अन्नछत्रे चालवत होते. हॉवर्ड यांनी १९१९च्या पॅरिस शांतता परिषदेत सिरियातील लोकांचे मत चौकशी मंडळ पाठवून जाणून घ्यावे असे मांडले आणि पुढच्या वर्षी ते वारले. त्याच वर्षी संस्थेच्या नावातून ‘प्रॉटेस्टंट’ हा शब्द गेला. बेयर्ड यांनी निवृत्तीनंतर दहाव्या शतकातील बगदादचा पुस्तकविक्रेता इब्न अल-नदीम याच्या प्रचंड अरबी ग्रंथसूचीचे इंग्रजी भाषांतर केले. त्यांचे बैरूतला जन्मलेले पुत्र डेव्हिड हे हंगामी अध्यक्ष असलेल्या काळात, जुलै १९८२मध्ये, पळवले गेले आणि वर्षभर ओलीस राहिले. त्यांच्या जागी आलेले माल्कम कर हेही तिथल्याच अध्यापक दांपत्याचे बैरूतला जन्मलेले चिरंजीव. १८ जानेवारी १९८४ रोजी कार्यालयाच्या दाराशी त्यांचा खून झाला. गाव न सोडण्याची एवढी किंमत फार थोड्या घरांनी दिली असेल.

तरीही सत्ता सोपवण्याचा हिशेब निराळा मांडावा लागतो. दमास्कसचे इतिहासकार कॉन्स्टंटिन झुरैक हे त्या कॉलेजचेच विद्यार्थी. त्यांच्याकडे अध्यक्षपद आले ते स्थापनेनंतर ८८ वर्षांनी, १९५४मध्ये, आणि तेही हंगामी. अमेरिकन बोर्डाच्याच मराठी मुलखात, अहमदनगरला, १९४७मध्ये महाविद्यालय निघाले ते भास्कर पांडुरंग हिवाळे या मराठी ख्रिस्ती माणसाच्या पुढाकाराने. बैरूतचे वतनदार राहण्याच्या कसोटीला पुरेपूर उतरले. सोपवण्याच्या कसोटीला ते आणि त्यांचे न्यूयॉर्कचे विश्वस्त उतरले नाहीत.