काचेतले चेहरे



टोकियोच्या शिंजुकू भागात महानगर सरकारचं मुख्यालय आहे. केन्झो तांगे या वास्तुकाराने आखलेली ही इमारत २४३ मीटर उंच. तिच्या ४५व्या मजल्यावर, जमिनीपासून २०२ मीटरवर, शहर न्याहाळायचं दालन आहे. तिकीट नाही, त्यामुळे सगळेच येतात: पर्यटक, आजीआजोबा, कचेरी सुटल्यावर आलेली माणसं. तिथे एक पिवळाधमक, काळ्या ठिपक्यांचा पियानोही ठेवलेला आहे. यायोई कुसामा यांनी सजवलेला. वाजवता येईल त्याने बसावं आणि वाजवावा.

संध्याकाळी कॅमेरेवाल्यांची एकच तक्रार असते, काच! काचेचा प्रत्येक पृष्ठभाग समोरून आलेल्या उजेडातला सुमारे ४ टक्के परत पाठवतो. दिवसा तो जाणवत नाही. बाहेर अंधारलं, आत दिवे लागले, की तेवढाच उजेड शहराला झाकून टाकतो. मग कुणी लेन्स काचेला टेकवतं, कुणी भोवती काळं कापड धरतं.

मला मात्र दिवेलागणीची ती मोजकी मिनिटं फार मोलाची वाटतात. तेव्हा आतला आणि बाहेरचा उजेड जवळपास सारखा होतो. लांबवर उजळत जाणाऱ्या खिडक्या आणि त्यांच्याकडे बघणारा माणूस एकाच फोटोत मावतात. कुणी आपलं घर शोधत असतं, कुणी पश्चिमेला फुजी दिसतोय का ते बघत असतं. फोटोसाठी ओढून आणलेलं हसू तिथे नसतं. पाठमोऱ्या माणसाचा असा मोकळा चेहरा आपल्याला ती काचच दाखवते.

म्हणूनच जपायला हवं. आपण टिपले जातोय, याचा त्या माणसाला पत्ताच नसतो. जपानमध्ये विकले जाणारे बहुतेक मोबाईल सायलेंटवर असले तरी फोटो काढताना आवाज करतात. तसा कायदा नाही. चोरून फोटो काढणाऱ्यांना आळा बसावा म्हणून कंपन्यांनीच पाळलेला हा रिवाज. आपल्याकडून गेलेल्या फोनला असं बंधन नसतं, तेव्हा ते काम आपणच करायचं. फोटो काढल्यावर पुढे व्हावं, मान लववून पडदा त्यांच्यासमोर धरावा. त्याला जपानी यावं लागत नाही. बघून कुणी खुलेल, फोटो मागेलही. कुणी हातानेच नको म्हणेल. मग तो त्यांच्यादेखत डिलीट करावा, कितीही सुरेख आलेला असला तरी.