गुळाची आमटी

साताऱ्यातल्या एक निवृत्त मराठीच्या बाई आणि पुण्यात नोकरी करणारा त्यांचा भाचा, अशा दोघांनी मिळून कादंबरी लिहायला घेतली. दोन मुलांची प्रेमकथा, तीही हलकीफुलकी. कल्पना भाच्याची. बेकी अल्बर्टाली आणि ॲडम सिल्वेरा या जोडीने २०१८ साली इंग्रजीत अशीच एक लिहिली होती, ‘व्हॉट इफ इट्स अस’. न्यूयॉर्कच्या पोस्टात भेटलेले आर्थर आणि बेन. एक प्रकरण याचं, एक त्याचं.

“आपणही तसंच करू. कोल्हापूरचा मुलगा तुझा, पुण्याचा माझा.”

बाईंनी पदर खोचला. भाच्याने घरात स्वतःबद्दल सांगितलं तेव्हा पहिल्यांदा त्याच्या पाठीवर हात ठेवला तो त्यांनीच, त्यामुळे त्यांच्या मनाबद्दल शंका नव्हती. शंका आली ती प्रकरणांबद्दल. दुसऱ्या प्रकरणात कोल्हापूरच्या मुलाला बापाने घराबाहेर काढलं. चौथ्यात त्याला कावीळ झाली. सहाव्यात तो तिन्हीसांजेला पंचगंगेच्या घाटावर एकटाच उभा. पुण्याचा मुलगा बिचारा दर वेळी एखादा विनोद घेऊन यायचा आणि समोरचं रडगाणं बघून गप्प बसायचा.

“आत्या, हा आता नदीत उडी मारणार का?”

“अजून ठरलं नाही. पण अशा गोष्टीत दुःख असायचंच रे. वाचणाऱ्याला कणव वाटली पाहिजे.”

त्यांच्या वाचनाने त्यांना हेच शिकवलं होतं. विजय तेंडुलकरांच्या ‘मित्राची गोष्ट’ या नाटकातली मित्रा शेवटी जीव देते. सचिन कुंडलकरांच्या २००६ सालच्या ‘कोबाल्ट ब्लू’त भाऊ आणि बहीण एकाच मुलाच्या प्रेमात पडतात आणि तो दोघांनाही टाकून जातो. दोन्ही कलाकृती मोठ्या, आणि त्यांतलं दुःख खोटं मुळीच नाही. सर्वोच्च न्यायालयाने या प्रेमावरचा ३७७ कलमाचा बडगा दूर केला तोच मुळी ६ सप्टेंबर २०१८ रोजी. पण कपाटातलं प्रत्येक पुस्तक रडवणारंच निघालं, तर त्या वयाच्या पोराने हसायला जायचं कुठे?

भाच्याने विचारलं, “तुझं आणि काकांचं भांडण कशावरून होतं गं?”

“गीझरवरून. मेलं बटण कधी बंद करत नाहीत.”

“मग आमच्याच वाट्याला घाट का? आम्हालाही गीझरवरून भांडू दे की! कणव नको आत्या, कटकट दे.”

बाई दोन दिवस बोलल्या नाहीत. मग जुनी प्रकरणं फाडली आणि नवं पाठवलं.

त्यात पुण्याच्या मुलाने गूळ-आमसुलाची आमटी केली होती. कोल्हापूरकराने एक भुरका मारला आणि डोळे मिटून घेतले. पुण्याचा मुलगा फोन घ्यायला गॅलरीत गेला तसं याने सॅकमधून आईने दिलेली कांदा-लसूण चटणीची बरणी काढली, दोन चमचे पातेल्यात घातले आणि घाईघाईने ढवळलं. चोरी रंगाने पकडून दिली. आमटी लालभडक, वर तवंग. (पुणेकरांनी रागावू नये, लिहिणारीण साताऱ्याची आहे.) पुढचं भांडण साडेचार पानं चालतं. पहिलं चुंबनही त्यातच, तिखटाने दोघांच्या नाकाडोळ्यांतून पाणी वाहत असताना. घाटावर उभ्या केलेल्या त्या मुलाबद्दल बाईंना जेवढं ठाऊक नव्हतं, तेवढं या पातेल्यापाशी उभ्या असलेल्या मुलाबद्दल ठाऊक होतं.

प्रकाशकांनी हस्तलिखित वाचून दोघांना बोलावलं.

“भाषा छान आहे, बाई. पण एवढा गंभीर विषय, आणि यात संघर्ष कुठाय?”

“आमटीत,” बाई म्हणाल्या.

प्रकाशकांनी हस्तलिखित ठेवून घेतलं. दुरुस्ती एकच सुचवली: आमटीचं प्रकरण दोन पानांनी वाढवा.