न दिलेले वचन

आइस हॉकीचे चाहते आपल्या संघातील होतकरू पोरांची क्रमवारी लावतात. तिसरा की पाचवा, यावर तावातावाने भांडतात. हौस म्हणून ठीक. पण अलेक्झांद्र देगचे काय? १९९३ मध्ये कॅनडातील ओटावा सेनेटर्सने नॅशनल हॉकी लीगच्या निवडीत अठरा वर्षांच्या या मुलाला सर्वांत आधी उचलले. पुढे तो लीगमध्ये तब्बल ६१६ सामने खेळला, तरी ‘फसलेला’च ठरला. अपेक्षा चाहत्यांची, वचनभंगाचा ठपका मात्र मुलावर! कुणी म्हणेल, त्याने लाखो डॉलर घेतले होते. घेतले, पण तो करार क्लबशी होता. प्रेक्षकाने तिकीट त्या दिवसाच्या खेळाचे काढले होते, मुलाच्या भविष्याचे नव्हे. त्याच यादीत तो दोनशेवा असता, तर हेच ६१६ सामने कौतुकाने सांगितले गेले असते.