दुसऱ्याच्या मुलाचे शौर्य



प्रजासत्ताक दिनाची सकाळ म्हटली की, दूरचित्रवाणी संचासमोर बसलेले आपले सारे कुटुंब अनेकांच्या डोळ्यांपुढे उभे राहते. नोकरीनिमित्त आपण दिल्लीत असा, इंदुरात असा, वा बंगळुरात. तेव्हाच्या राजपथावरील ते संचलन घराघरांतून एकाच वेळी पाहिले जाई. रणगाडे गेले, चित्ररथ गेले, की मुलांना एका दृश्याची ओढ लागे. राष्ट्रीय बालशौर्य पुरस्कार मिळविलेली मुले, पूर्वी सजविलेल्या हत्तींवर आणि पुढील काळात उघड्या जीपगाड्यांत बसून, हात हलवीत समोरून जात. कुणी बुडणाऱ्याला पाण्याबाहेर काढलेले असे, तर कुणी जळत्या घरातून धाकट्या भावंडाला वाचविलेले असे. आपण टाळ्या वाजवीत असू. क्वचित आपले डोळेही पाणावत.

त्याच दिवशी सायंकाळी आपला मुलगा मित्रांबरोबर तळ्याकडे निघाला, तर आपण त्याला काय बजावीत होतो? "पाण्याजवळ जाऊ नकोस. कुणी संकटात सापडले तर मोठ्या माणसांना हाक मार. तू मध्ये पडू नकोस."

या दोन प्रसंगांतील विसंगतीकडे आपले लक्ष वेधावेसे वाटते. जे कृत्य दुसऱ्याच्या मुलाने केले म्हणून आपण धन्य धन्य म्हणतो, तेच आपल्या मुलाने करू नये अशी आपली मनोमन प्रार्थना असते. मग आपला गौरव खरा कोणता? टाळ्यांतला, की त्या ताकिदीतला?

या पुरस्काराचा उगम ध्यानात घेण्याजोगा आहे. २ ऑक्टोबर १९५७ रोजी दिल्लीच्या रामलीला मैदानावर कार्यक्रम चालू असताना शामियान्याला आग लागली. पंतप्रधान पंडित नेहरू तेथे उपस्थित होते. हरिश्चंद्र मेहरा नावाच्या चौदा वर्षांच्या बालवीराने आपला चाकू काढला आणि पेटलेले कापड कापून आग पसरू दिली नाही. त्या प्रसंगातून भारतीय बालकल्याण परिषदेच्या पुरस्कारांची परंपरा सुरू झाली. पुढे १९७८ साली गीता आणि संजय चोप्रा या भावंडांच्या नावे दोन पुरस्कार ठेवण्यात आले. त्याच वर्षी दिल्लीत त्यांचे अपहरण झाले होते आणि अपहरणकर्त्यांशी झुंजताना दोघांनी प्राण गमावले होते. म्हणजे ज्यांच्या नावे हा सन्मान ठेवण्यात आला, ती मुले जगाच्या दृष्टीने जिंकली नव्हती. काही वर्षी तर पदक स्वीकारण्यास मूलच उरलेले नसे. त्याची आई किंवा वडील पुढे येत. त्या क्षणी टाळ्या वाजविणाऱ्या प्रत्येक आईबापाच्या मनात काय येत असेल, हे सांगण्याची गरज नाही.

तेव्हा आपली ताकीद हे केवळ ढोंग आहे, असे म्हणणे अन्यायाचे होईल. लेकराच्या जिवाची काळजी हे पाप नव्हे. ॲरिस्टॉटलनेही धैर्याचे स्थान भ्याडपणा आणि अविचारी साहस यांच्या मधोमध सांगितले आहे. पोहता न येणाऱ्या मुलाने खोल पाण्यात उडी घेतली, तर एकाऐवजी दोन घरांवर दुःख कोसळते. अशा उडीसाठी मुलांना चेतविणारा गौरव हा गौरव नव्हे. मात्र येथेच आपली खरी चूक दडलेली आहे. मुलापुढे आपण दोनच मार्ग ठेवतो: जीव धोक्यात घाल, नाहीतर दूर उभा राहा. तिसरा मार्ग आपण त्याला दाखवीतच नाही.

हरिश्चंद्राच्या हातातील त्या चाकूचा क्षणभर विचार करा. तो बालवीर होता. जवळ साधन बाळगावे आणि गोंधळ माजला असता डोके शांत ठेवून ते वापरावे, असे शिक्षण त्याला मिळालेले होते. शौर्याचा क्षण सांगून येत नाही हे खरे. त्या क्षणासाठी लागणारी तयारी मात्र आधीच करता येते. मुलाला पोहायला शिकविणे, काठावरून दोर किंवा काठी कशी टाकावी हे दाखविणे, विजेचा धक्का बसलेल्याला हात लावण्यापूर्वी वीज बंद करावी हे त्याच्या अंगवळणी पाडणे, ही कामे आपली आहेत. ती न करता आपण केवळ टाळ्या वाजवितो, तेव्हा आपल्या कर्तव्याचा भार कुणा अनोळखी लेकराच्या खांद्यावर टाकून मोकळे होतो.

आणखी एक गोष्ट आहे. पुरस्कारासाठी अर्ज लागतो. मुख्याध्यापकांची किंवा जिल्ह्यातील अधिकाऱ्यांची शिफारस लागते. वृत्तपत्रांतील कात्रणे, पोलिसांची नोंद असा पुरावा लागतो. खरेखोटे पारखायचे तर हे आवश्यकच आहे. परंतु ज्या वाडीत वार्ताहर पोहोचत नाही, तेथे घडलेल्या कृत्याचे कात्रण कोठून आणावे? वर्षानुवर्षे अंथरुणाला खिळलेल्या आईची सेवा करणाऱ्या मुलीच्या धैर्याची नोंद कोणत्या पोलीस ठाण्यात होते? २०१९ पासून सरकारने आपला बाल पुरस्कार परिषदेच्या पुरस्कारापासून वेगळा केला आहे. त्यात शौर्याच्या जोडीला क्रीडा, कला, विज्ञान अशी क्षेत्रेही आहेत. तो उपक्रम स्तुत्यच आहे. तथापि धावण्याच्या शर्यतीत पहिला क्रमांक असतो, तसा शौर्यात नसतो. ज्याने जीव वाचविला, तो कुणाला हरवीत नाही.

मग असे कृत्य चारचौघांत मिरवावे काय? आपणां ख्रिस्ती वाचकांना हा प्रश्न विशेष जाचतो. डोंगरावरील प्रवचनात प्रभू येशूने धर्मकृत्ये लोकांना दाखविण्यासाठी करू नयेत, ती गुप्त असावीत, असे शिकविले. त्याच प्रवचनात, आपला प्रकाश झाकून न ठेवता तो लोकांसमोर असावा, असेही सांगितले. या दोहोंत विरोध वाटतो खरा. परंतु दोन्ही ठिकाणी विचारलेले आहे ते एकच: पाहणाऱ्याची दृष्टी शेवटी कोठे जाऊन थांबते? करणाऱ्यावरच थांबली, तर तो देखावा झाला. करणाऱ्याच्या पलीकडे, ज्याच्यासाठी ते केले त्या शेजाऱ्याकडे आणि ज्याच्यापासून ते सामर्थ्य आले त्या पित्याकडे गेली, तर तो प्रकाश झाला. पुरस्कार घेणाऱ्या लेकराच्या हाती यातले थोडेच असते. बरेचसे पाहणाऱ्या आपल्यावर अवलंबून असते.

समाजाने मनावर घेतले तर दुसऱ्याच्या धैर्याचा भार हलका करता येतो, याचे एक उदाहरण आपल्याच देशात आहे. रस्त्यावरील अपघातात जखमी झालेल्याला उचलण्यास लोक कचरत. कारण मागाहून पोलिसांची चौकशी, न्यायालयाच्या खेपा आणि रुग्णालयातील पैशांची मागणी यांचे भय असे. ३० मार्च २०१६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अशा मदतनिसांच्या संरक्षणार्थ असलेल्या मार्गदर्शक सूचनांना बंधनकारक रूप दिले. २०१९ मध्ये मोटार वाहन कायद्यातही तशी तरतूद झाली. त्या कायद्याने अशा मदतनिसाला दिलेले इंग्रजी नाव आपल्याला परके नाही: 'गुड समॅरिटन', म्हणजे आपला चांगला शोमरोनी. कायद्याने कुणाला शूर केले नाही. शूर होण्याची किंमत मात्र कमी केली.

लूककृत शुभवर्तमानातील तो दाखला पुन्हा उघडून पाहा. यरीहोची ती वाट धोक्याची होती, हे शोमरोन्यालाही ठाऊक होते. तो नुसता धीट नव्हता. त्याच्याजवळ जखमांसाठी तेल आणि द्राक्षारस होता, वाहून नेण्यास जनावर होते, उतारशाळेत देण्यास दोन नाणी होती, आणि परत येण्याचे वचनही त्याने दिले. त्याचे नाव मात्र आपल्याला सांगितलेले नाही. त्याचा सत्कार झाल्याचेही कोठे लिहिलेले नाही. दाखला संपताच प्रभू त्या शोमरोन्याकडे नव्हे, तर प्रश्न विचारणाऱ्या शास्त्र्याकडे वळतो आणि तसेच करण्याची आज्ञा त्याला देतो.

प्रिय वाचक, पुढच्या वेळी पडद्यावर एखाद्या लेकराच्या छातीवर पदक झळकेल, तेव्हा टाळ्या अवश्य वाजवा. त्यानंतर शेजारी बसलेल्या आपल्या मुलाला काय सांगाल, याचा विचार आजच करून ठेवा. "तू मध्ये पडू नकोस" एवढेच सांगाल, की "चल, उद्यापासून तुला पोहायला शिकवितो" असे म्हणाल?