राजाची शेगडी आणि जळालेली गुंडाळी

यहूदाचा राजा यहोयाकीम ह्याची गोष्ट आपण उपासनेच्या वेळीं अनेकदां ऐकिली आहे. हिंवाळ्याचे दिवस होते. राजा शेगडीपुढें बसला होता, आणि यिर्मयानें सांगितलेलीं व बारूखानें लिहिलेलीं वचनें त्याच्यापुढें वाचिलीं जात होतीं. तीनचार रकाने वाचून झाले कीं राजानें ते चाकूनें कापावे आणि अग्नींत टाकावे, असें करितां करितां सबंध गुंडाळी जळून गेली. राजाला वाटलें, संकट टळलें. परंतु बाबेलचें सैन्य कांहीं मागें फिरलें नाहीं. यिर्मयानें दुसरी गुंडाळी घेतली, पहिलीं सर्व वचनें पुन्हां लिहविलीं, आणि त्यांत आणखी भर घातली.

ह्या गोष्टींतून जो प्रश्न उद्भवतो तो केवळ राजांचा नाहीं. कोणाचें बोलणें बंद करावें, कोणती माहिती लोकांच्या दृष्टीआड ठेवावी, आणि हें ठरविण्याचा अधिकार कोणाला असावा?

आपल्या मंडळ्यांच्या इतिहासांत ह्या शेगडीची आंच पुष्कळांना लागली आहे. विल्यम टिंडेल ह्यानें नव्या कराराचें इंग्रजी भाषांतर केलें व तें इ. स. १५२६ सालीं जर्मनींतील वर्म्स शहरीं छापून निघालें. प्रती चोरून इंग्लंडांत जात, आणि लंडनचा बिशप त्या जाळून टाकी. बिशपानें जाळण्यासाठीं पुष्कळ प्रती विकत घेतल्या आणि त्याच पैशांतून टिंडेलानें सुधारलेली आवृत्ति काढिली, असें त्या काळच्या एका बखरींत लिहिलें आहे. पुढें १५३६ सालीं टिंडेलाला गळा आवळून मारण्यांत आलें व त्याचें प्रेत जाळण्यांत आलें. परंतु १६११ सालच्या प्रसिद्ध इंग्रजी भाषांतरांत त्याचे शब्द ठिकठिकाणीं आजही उभे आहेत.

हें सांगतांना आपणांस समाधान वाटतें. तर आतां दुसरी बाजूही ऐकूं या. १५५३ सालीं जिनीव्हा शहरांत मायकेल सर्व्हेटस ह्याला त्रैक्याच्या सिद्धांताविरुद्ध लिहिल्याबद्दल जिवंत जाळण्यांत आलें. तें शहर सुधारलेल्या मताचें होतें, आणि त्या खटल्यांत कॅल्व्हिनाचा हात होता. सबॅस्टियन कॅस्टेलियो नांवाच्या विद्वानानें ह्या कृत्याचा लेखणीनें निषेध केला. पण त्याचें ऐकणारे थोडे होते. म्हणजे ज्यांचीं पुस्तकें काल जाळलीं गेलीं, त्यांच्याच हातीं सत्ता येतांच त्यांनींही शेगडी पेटविली. यावरून दिसतें कीं दोष अमक्या एका पंथाचा नसून मनुष्याच्या हृदयाचा आहे. आपल्याला बोलूं द्यावें असें प्रत्येकास वाटतें. दुसऱ्याला बोलूं द्यावें असें फार थोड्यांस वाटतें.

इंग्लंडांत १६४३ सालीं पार्लमेंटानें असा हुकूम काढिला कीं परवान्यावांचून कोणतेंही पुस्तक छापूं नये. पुढल्याच वर्षीं कवि जॉन मिल्टन ह्यानें ‘ॲरिओपॅजिटिका’ हा निबंध परवाना न घेतांच प्रसिद्ध केला. त्याचें म्हणणें थोडक्यांत असें होतें. सत्य दुबळें नाहीं. त्याला असत्याशीं उघड्या मैदानांत झुंजूं द्यावें. ज्याला वाईटाची ओळखच होऊं दिली नाहीं, त्याचा चांगुलपणा कसोटीस लागलेलाच नसतो. आणि परवाना देणारा अधिकारी चुकणार नाहीं, ह्याची हमी कोण देणार? ती परवान्याची पद्धत शेवटीं १६९५ सालीं संपुष्टांत आली. तथापि मिल्टनानेंही हें स्वातंत्र्य सर्वांस दिलें नाहीं. रोमन मताला त्यानें तें नाकारिलें, आणि १६५१ च्या सुमारास तो स्वतःच एका वृत्तपत्राला परवाना देण्याचें काम करीत होता. इतका मोठा मनुष्यही आपल्याच तत्त्वापुरता उंच राहूं शकला नाहीं, हें ध्यानांत ठेवण्याजोगें आहे.

आपल्या देशांतही हा झगडा जुना आहे. १८२३ सालीं कलकत्त्यास वृत्तपत्रांवर परवान्याचा निर्बंध घालण्यांत आला, तेव्हां राममोहन राय ह्यांनीं त्याविरुद्ध अर्ज केला व निषेध म्हणून आपलें फारसी पत्र बंद केलें. १८३५ सालीं मेटकाफ ह्यांनीं तो निर्बंध काढून टाकिला. १८७८ सालीं लिटन ह्यांनीं पुन्हां कायदा केला, आणि तोही केवळ देशी भाषांतील पत्रांपुरता. इंग्रजी पत्रें मोकळीं राहिलीं. खेड्यांतल्या मनुष्याला समजेल अशा भाषेंत लिहिलेलें तेवढें घातक, असा त्याचा अर्थ होता. हा कायदा रिपन ह्यांच्या कारकीर्दींत रद्द झाला.

मग बोलण्यास मुळींच मर्यादा नाहीं काय? असें म्हणणें बरोबर होणार नाहीं. १ जुलै २०१८ रोजीं धुळें जिल्ह्यांतील राईनपाडा येथें बाजाराच्या दिवशीं भटक्या समाजांतील पांच पुरुष जमावानें ठार मारिले. ते भिक्षा मागून पोट भरणारे होते. मुलें पळविणारी टोळी फिरत आहे अशी खोटी आवई मोबाइलवरून गांवोगांव पसरली होती, आणि तिच्यापायीं त्यांचा बळी गेला. शब्दानें मनुष्य मरतो, हें आपल्याच महाराष्ट्रानें पाहिलें आहे. म्हणून आपल्या राज्यघटनेनें १९ व्या कलमांत भाषणस्वातंत्र्य दिलें, आणि त्याच कलमांत अब्रुनुकसानी, गुन्ह्यास चिथावणी, सार्वजनिक सुव्यवस्था इत्यादि कारणांसाठीं वाजवी निर्बंधही सांगितले.

परंतु येथें एक भेद नीट पाहावा. दुसऱ्याचें प्रत्यक्ष नुकसान करणाऱ्यास, उघड्या न्यायालयांत, त्याचें म्हणणें ऐकून घेऊन जाब विचारणें ही एक गोष्ट. आणि कोणी तोंड उघडण्यापूर्वींच त्याच्या तोंडावर हात ठेवणें ही अगदीं दुसरी गोष्ट. राईनपाड्यास उणें होतें तें परवाना देणाऱ्या अधिकाऱ्याचें नव्हे. “हें तुम्हांला कोणीं सांगितलें? कोणाचें मूल गेलें?” असें विचारून जमावाला थांबवूं शकणारा आवाज तेथें उणा पडला. आणि जेथें लोकांना प्रश्न विचारण्याची संवय लागूं दिलेली नसते, तेथें आवई फार लवकर पेटते.

आतां माहितीकडे वळूं. १९९४ सालीं राजस्थानांत कोट किराना ह्या गांवीं मजूर किसान शक्ति संघटनेनें जनसुनवाई भरविली. सरकारी कामांच्या हजेरीपटावरील नांवें सर्वांसमक्ष मोठ्यानें वाचण्यांत आलीं, आणि जे कधीं कामावर गेलेच नव्हते अशांच्या नांवें मजुरी उचललेली आढळली. कागद उजेडांत येतांच चोरी बोलूं लागली. १९९६ सालीं ब्यावर येथें लोकांनीं ४० दिवस धरणें धरिलें. महाराष्ट्रांत २००२ सालीं आणि सर्व देशासाठीं २००५ सालीं माहितीच्या अधिकाराचा कायदा झाला. आज कोणीही नागरिक १० रुपये फी भरून अर्ज करूं शकतो, आणि साधारणपणें ३० दिवसांत उत्तर देणें अधिकाऱ्यावर बंधनकारक आहे. दारिद्र्यरेषेखालील अर्जदारास फी पडत नाहीं.

तर काय झांकावें आणि काय उघडें करावें? माझ्या अल्पमतीप्रमाणें एकच कसोटी पुष्कळ ठिकाणीं उपयोगी पडते: हें झांकल्यानें रक्षण कोणाचें होतें? एखादी दुःखी बहीण आपल्या घरचें गाऱ्हाणें विश्वासानें उपदेशकाजवळ सांगते. तें गुपित तिचें आहे, आणि तिच्या परवानगीवांचून तें चार घरीं सांगणारा मनुष्य स्वातंत्र्याचें नांव घेऊन पापच करितो. उलट मंडळीच्या दानाचा हिशेब, शाळेच्या दुरुस्तीचा खर्च, रेशनच्या धान्याची नोंद हीं कोणाचीं गुपितें नव्हेत. तीं झांकल्यानें दुबळ्याचें रक्षण होत नाहीं, बळकटाचें होतें. पहिलें झांकणें म्हणजे प्रीति होय. दुसरें झांकणें म्हणजे यहोयाकीमाची शेगडी होय.

उपदेशक बंधूंनो, ह्यांत तुमच्यापुढें कठीण प्रसंग येतो. मंडळीच्या सभेंत एखादा गरीब मनुष्य उठून हिशेब विचारितो. त्याची भाषा रांगडी असते, वेळही कदाचित् चुकलेली असते. अशा वेळीं “शांतता राखा, ऐक्य बिघडवूं नका,” असें म्हणून त्याला खालीं बसविणें फार सोपें असतें. परंतु ज्या शांततेखालीं प्रश्न पुरलेला आहे, ती शांतता नव्हे. त्याला बोलूं द्यावें. तो चुकत असेल तर वही उघडून सर्वांसमक्ष त्याची चूक दाखवावी. तो बरोबर असेल तर त्याचे आभार मानावे. आणि त्यानें विनाकारण कोणाची अब्रू घेतली असेल, तर त्याबद्दल त्याला मागाहून जाब विचारावा.

नाथान संदेष्टा दावीद राजापुढें उभा राहिला, तेव्हां राजाच्या हातीं तरवार होती आणि संदेष्ट्याच्या हातीं केवळ एका मेंढीची गोष्ट होती. दावीदानें ती गोष्ट शेवटपर्यंत ऐकून घेतली व आपलें पाप कबूल केलें. यहोयाकीमानें चाकू उचलला. दोघेही राजेच होते. आपल्या लहानशा घरांत, शाळेंत व मंडळींत, जेथें जेथें आपल्या हातीं थोडासा अधिकार आहे, तेथें ह्या दोघांपैकीं कोणासारखें वागावयाचें, हें प्रत्येकानें आपापल्या अंतःकरणांत ठरवावें.